निखाऱ्यांची पाठवणी

बार्लाला गावातल्या रस्त्यावरून चालताना पाहिलं असतं, तर कुणालाही वाटलं असतं की ही म्हातारी आता फार दिवसांची सोबतीण नाही. डावा गुडघा नीट वाकत नसे, पाठीला पोक आलेलं, आणि दुकानाच्या चार पायऱ्या चढायच्या तरी कठडा धरून ती देवाला हाक मारायची. पण तीच बार्ला बुटांखाली लोखंडी काटे बांधून कड्यावर चढली की बघत राहावं! काही नट विंगेत कण्हत, खोकत बसलेले असतात आणि रंगमंचावर पाऊल पडताच अर्ध्या वयाचे होतात. तिचं अगदी तसं होतं. उभा उतार हाच तिचा रंगमंच. तिथे गुडघाही मुकाट्यानं वाकायचा.

आमच्या सुरक्रेस्तामध्ये गाईंची कुरणं गावाच्या वर, आणि कुरणांच्या वर कडे. कड्यांच्या पोटाला जागोजागी गवताच्या अरुंद पट्ट्या चिकटलेल्या आहेत. गाय तिथे पोचत नाही, शेळीही दोनदा विचार करते. तिथलं गवत कापायला अंगात धमक लागते, म्हणून ते धमकवाल्याचंच. आधीचं घराणं सोडील तेव्हा दुसऱ्यानं घ्यायचं, अशी रीत. बार्लाची पट्टी सगळ्यांत उंच. खोलगट, दक्षिणेकडे तोंड केलेली, मागे ऊन धरून ठेवणाऱ्या दगडांची ओळ. तिला ‘पाळणा’ म्हणतात. बार्लाचे वडील तिथे गवत कापायचे, मग बार्ला आणि तिचा धाकटा भाऊ क्लाउ, आणि क्लाउ हिमलोटात गेल्यापासून एकटी बार्ला.

गवतपंच दुरी ज्या सकाळी शिंग फुंकतो, त्या सकाळी कापणी सुरू होते. लांब दांड्याचे विळे छोट्या ऐरणीवर ठोकून पातळ केलेले असतात, कमरेच्या शिंगात धारेचा दगड पाण्यात बुडवलेला असतो. गवत कापायचं, उन्हात उलटंपालटं करायचं, जाळीत बांधून भारा करायचा आणि लाकडी आकडा कड्यापासून गावापर्यंत ताणलेल्या तारेवर अडकवून द्यायचा सोडून. तारेवरून भारा गुणगुणत खाली जातो आणि थेट गवताच्या माळ्यापाशी आदळतो. कोण किती ओढून बांधतो त्यावर ती गुणगुण बदलते. बार्लाच्या भाऱ्याचा सूर खर्जातला. खाली पिठाच्या हातांनी बाया दाराबाहेर येऊन म्हणायच्या, “आली बघा म्हातारीची गाडी!”

पण बार्ला पाळण्यात नुसती गवतासाठी जात नव्हती.

लहानपणी एकदा दुपारी वडील गवतावर आडवे झाले होते आणि त्यांच्या घामेजल्या बाहीवर एक इवलासा पतंग येऊन बसला. अंगठ्याच्या पेराएवढा. पुढचे पंख राखेच्या रंगाचे, इतके विरळ की जुन्या रेशमासारखे आरपार दिसावेत, आणि त्यांवर पाच लाल ठिपके. मागचे पंख लालच, कडेला धुरकट झालर. राखेखाली निखारा धुमसावा तसा. आमच्याकडे त्याला ‘निखारी’च म्हणतात. बार्ला धरायला धावली, तर वडील कुजबुजले, “हलू नकोस. पाहुणी लांबून आलीय.”

“कुठून?”

“तिसऱ्या हिवाळ्यामागून.”

हे उत्तर त्या पोरीच्या डोक्यात असं रुतलं की पुढे जन्मभर ती त्याचा माग काढत राहिली. कुणी शिकवलं नाही. दरवर्षी गवत उलटताना बघायची, एवढंच. मादीच्या गळ्याशी फिकट पिवळी पट्टी असते, पाद्रीबाबांच्या कॉलरसारखी. नराला ती नसते. मादी पोटानं जड, फार लांब उडत नाही. कोशातून निघाली की बहुधा तिथेच बसून राहते, आणि नर तिला शोधत येतात. ती पिवळसर अंड्यांचा पुंजका घालते. त्यातून निघणारा सुरवंट काळा, मखमली, अंगावर आखूड केस आणि पिवळे ठिपके. खाण्यात नखरा नाही. तिपानी गवत खाईल, रानओवा खाईल, काळ्या बोरांच्या खुरट्या झुडपांचा पाला खाईल. थोडं खातो न खातो तोच बर्फ पडतं. मग तो झोपतो. वर माणसाच्या उंचीपेक्षा जास्त बर्फ आणि हा खाली केसाळ कांबळं पांघरून निवांत! उन्हाळ्यात उठतो, चार घास खातो, पुन्हा बर्फ. असे दोन हिवाळे, तीन हिवाळे, कधी त्याहूनही जास्त. आणि मग कुठे एकदाचा तो कोश विणतो. पांढुरका पिवळा, चर्मपत्रासारखा कडक आणि चकचकीत. त्यातून निखारी बाहेर पडते ती जेमतेम आठवडाभर ऊन बघायला. एवढी लांब तालीम आणि प्रयोग एवढासा! तोही ढग नसतील तर. कारण पतंग असूनही हिला दिवा नको, ऊन लागतं. ढग आला की फुलाला घट्ट धरून बसते. हाताच्या बोटावर घ्या, पळत नाही. पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. एकदा चाखली तर चव चांगलीच महागात पडते म्हणे. त्यामुळे तिला कुणाची भीती नाही.

“माझ्यासारखीच कडू आहे,” बार्ला म्हणायची, “म्हणून टिकलीय.”

कडू वगैरे काही नव्हती ती. गावात कुणाचं वासरू अडलं तर पहिली हीच धावायची. तिचं लग्न ठरून मोडलं होतं, का ते तिनं कधी सांगितलं नाही आणि गावानं तीन वेगवेगळी कारणं सांगितली. दोन गाई, थोड्या शेळ्या, चुलीवर जवाचं सूप आणि कड्यावर पाळणा. तिच्या संसारात काही कमी आहे असं तिला वाटलेलं निदान कुणी पाहिलं नाही.

त्या साली बर्फ फार रेंगाळलं. पाळण्यामागच्या दगडांवर तर भर उन्हाळ्यात बर्फाची मळकट पट्टी पडून होती. कापणीचं शिंग वाजलं तरी निखाऱ्या उडालेल्या नव्हत्या. बार्लाला त्याचं विशेष वाटलं नाही. त्यांचे कोश दरवर्षी मागच्या दगडांना चिकटलेले असायचे, तिथे विळा जातच नाही. यंदा आठवडाभर उशिरा निघतील, ती मनाशी म्हणाली.

गवत वाळत आलं आणि पश्चिमेकडून ढगांची भिंत चढायला लागली. भिजलेलं गवत म्हणजे हिवाळ्यात उपाशी गाय. बार्लानं इकडेतिकडे पाहिलं नाही. दगडांलगतच्या शेवटच्या कोपऱ्यातलं गवत सपासप कापून जसं आलं तसं ओढून बांधलं, तारेवर टाकलं आणि पहिली वीज चमकायच्या आत ती कुरणापर्यंत उतरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पाऊस धो धो, आणि ती माळ्यावर भारे सोडत होती. शेवटचा भारा सोडला. गवत पसरायला मूठ भरली, तर बोटांना काहीतरी टणक लागलं. तिनं ती काडी झरोक्यापाशी नेली.

काडीला कोश होता. शेजारच्या काडीलाही. पुढच्या मुठीत आणखी.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. दगडांवर बर्फ होतं. सुरवंट कुठे जाणार? यंदा ते गवतावर चढले होते. आणि तिनं, जिनं इतके उन्हाळे त्यांना पाहिलं होतं, तिनं दगडांकडे बघून निश्चिंत होऊन त्यांना मुळापासून कापून गावात आणलं होतं. तीन हिवाळ्यांमागून निघालेल्या पाहुण्या दाराशी आल्या आणि घरधनिणीनंच त्यांना उचलून बाहेर टाकावं, तसं झालं.

तिनं गवतात हात खुपसला. आत ऊब धरली होती. नवं गवत माळ्यावर आतून तापतंच. त्या उबेनं कोश लवकर उघडणार, आणि उघडले तर या काळोखात, इथल्या दमट हवेत. खाली गावात निखारी जगलेली, तिची अंडी फळलेली, बार्लानं कधी पाहिली नव्हती. तिकडे पाळण्यात कोपऱ्याकोपऱ्यात लहानसे सुरवंट असतीलही; पण यंदा उडायची ती सगळी पिढी तिच्या या एका भाऱ्यात होती.

मग तिनं ठरवलं ते अगदी साधं होतं. भारा पुन्हा बांधायचा, पाऊस थांबला की पाठीवर घ्यायचा आणि वर नेऊन ठेवायचा.

साधं कसलं! ती जाळी झटकत अंगणात आली तशी हौदावर बादली भरणारी शेजारीण ओरडली, “बार्लाआत्या, पावसात जाळी कशाला? डोंगरावर आता काय शिल्लक ठेवलंयस?”

“आणायला नाही, परत द्यायला चाललेय.”

“काय परत द्यायला?”

“गवत.”

बादली भरून वाहायला लागली तरी शेजारणीचा हात हलला नाही.

सुरक्रेस्तात लहान मूलसुद्धा हे जाणतं: खाली उतरलेलं गवत वर न्यायचं नाही. एक काडीही नाही. डोंगरानं दिलं ते परत केलं, तर डोंगर म्हणतो, हिशेब उलटा चालायचा असेल तर मीही येतो खाली. आणि तो येतो; हिवाळ्यात, पांढरा होऊन. म्हणून तर वरच्या झोपडीत माणसं पोत्यावर झोपतात, आणि आजारी शेळीला चारा हवा तर वरच कापून घालतात.

दुपारपर्यंत गावभर झालं. दुकानात हसाहस चालली होती. “म्हातारी गवत चढवणार, मग दूध गाईत परत घालणार!” “आणि चीज कढईत!” पण हसणाऱ्यांनी घरी जाऊन बायकोला हेही विचारलंच, “खरंच नेणार नाही ना गं ती?” दुरी स्वतः छत्री घेऊन आला. गोलमटोल माणूस, पंचाचं शिंग नसलं तरी आवाज तसाच.

“आत्या, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या. मी तुम्हांला अडवू का सांगा?”

“नको अडवूस.”

“अडवावं लागेल हो! पुलावर उभा राहीन मी. माझ्या डोक्यावर गाव आहे.”

“तुझ्या डोक्यावर केसही नाहीत, गाव कुठून राहील?”

दुरी हसला, पण पुलाचं म्हणाला ते त्यानं मागे घेतलं नाही.

बार्ला त्याला भीत नव्हती. पुलाच्या खालच्या अंगाला नदी ओलांडायची जागा तिला ठाऊक होती. ती पुन्हा माळ्यावर गेली आणि भारा बांधायला लागली. तेवढ्यात शिडीवर पावलं वाजली. नेसा होती, क्लाउची बायको, गावाची शिंपीण. डोक्यावरची शाल भिजून चिकटली होती. तिचं घर गावाच्या वरच्या टोकाला, ज्या घळीतून हिमलोट येतो तिच्या अगदी तोंडाशी. क्लाउ गेला त्या हिवाळ्यानंतर तिनं घर सोडलं नाही, पण नदीपलीकडे पाऊलही टाकलं नाही.

“वन्सं, लोक म्हणतात ते खरं का?”

“खरं.”

“नका नेऊ.”

“नेसा, तूसुद्धा? अगं, डोंगराला काय डोळे आहेत काड्या मोजायला?”

नेसा शिडीच्या शेवटच्या पायरीवरच थांबली होती. तिनं शालीचं टोक पिळलं. पाणी टपटप खाली पडलं.

“त्यानं नेलं होतं,” ती म्हणाली.

“कोणी?”

“तुमच्या भावानं. त्या उन्हाळ्यात. वरच्या झोपडीत शेळी व्यायली, पाऊस होता, सगळं ओलं. तिच्याखाली अंथरायला इथून कवळाभर कोरडं गवत कोटाखाली लपवून घेऊन गेला. मला म्हणाला, कुणाला बोलू नकोस, हसतील. मी नाही बोलले. मग हिवाळ्यात...” ती थांबली. “गेल्यावरही नाही बोलले. लोक म्हणाले असते, क्लाउनंच बोलावलं. त्या लोटात त्याच्याबरोबर शेजारचं घरही गेलं होतं ना.”

बार्लाला भावाचा कोट आठवला, तपकिरी, कोपराला ठिगळ. त्याच्याखाली गवत लपवून चढणारा क्लाउ तिला स्पष्ट दिसला. शेळीसाठी कुणी एवढं करील तर तोच.

“एवढी वर्षं एकटीनं गिळून बसलीस?”

“कुणाला सांगणार होते? मला ठाऊक आहे, वन्सं, कदाचित खोटंही असेल सगळं. हिमलोट काय, येतोच. पण तुम्ही गवत नेलंत तर या हिवाळ्यात मी एक रात्र झोपणार नाही. छतावरून बर्फ घसरलं तरी मला वाटेल, आला.”

बार्लानं भाऱ्याकडे पाहिलं, मग नेसाकडे. आतापर्यंत तिला गावाशी भांडायचं होतं, आणि गावाशी भांडायला तिला केव्हाही आवडायचं. हिच्याशी कसं भांडायचं? एकीकडे त्या बिचाऱ्या कोशात मिटलेल्या, एकीकडे ही जागी. तिनं जाळीची गाठ सोडली.

“आहे तरी काय त्या गवतात?” नेसानं विचारलं.

बार्लानं एक काडी तिच्या हातात दिली. नेसानं ती झरोक्याकडे धरली, शिंपीण कापड बघते तशी; आधी सुलट, मग उलट, मग कोशाच्या कडेवरून नख फिरवलं.

“चिकटवलेलं नाहीये हे. विणून टाकलंय काडीवर. कडेला बारीक बारीक धागे आहेत.” ती पुटपुटली. “हे उसवता येईल.”

“काय?”

“गवत न्यायचं नाही ना? मग हे काढून घ्या. काडी इथेच ठेवा. वन्सं, तुम्ही कधी बाही उसवलीय का? कापड न फाडता टाका काढायचा असतो फक्त.”

आयुष्यभर विळा चालवलेल्या बाईला हे सुचण्यासारखं नव्हतंच.

नेसा घरी धावली आणि टाके उसवायचं आपलं बारीक पातं घेऊन आली, शिवाय बटणांचा लाकडी डबा. आत छोटे छोटे कप्पे असलेला. बटणं तिनं सरळ एका फडक्यात ओतली होती. मग दोघी माळ्यावर झरोक्यापाशी बसल्या. बार्ला मुठीमुठीनं गवत चाळायची आणि कोश असलेली काडी पुढे करायची. नेसा पातं धाग्यांखाली सरकवून हलकेच उचलायची. पहिला कोश फाटला. नेसाच्या तोंडून ‘अरेरे’ निघालं आणि ती पुढचा हातातच घेईना.

“घे गं,” बार्ला म्हणाली. “मी तर सगळ्याच कापून आणल्यायत. तुझ्या हातून एकीला काय झालं तर ती मलाच शिव्या देईल.”

दुसरा सुटला, अख्खा. मग तिसरा. नंतर नेसाच्या हातांना चाल सापडली. पाऊस पडत होता, खाली गाई रवंथ करत होत्या, आणि या दोघी काळा पाव आणि चीज मध्ये ठेवून काम करत होत्या. क्लाउ गेल्यानंतर इतका वेळ एका जागी त्या कधी बसल्याच नव्हत्या. कारण बसलं की त्याचा विषय निघणार, ही दोघींना भीती. आता निघाला तर निघाला. क्लाउ कसा नाकात गायचा, लग्नात त्यानं सासऱ्यांच्या बुटांत दारू कशी सांडली. नेसा एकदा एवढी हसली की तिला पातं बाजूला ठेवावं लागलं.

दुसऱ्या दिवशीही पाऊस होता. ते बरंच झालं. शेवटची मूठ चाळून झाली तेव्हा डब्याचे कप्पे भरले होते, आणि माळ्यावर उरलं होतं ते निव्वळ गवत, गाईंचं.

त्यानंतरची सकाळ धुतल्यासारखी उजाडली. पुलावर दुरी उभा होताच, आणि त्याच्या मागे निम्मं गाव. बार्लाच्या पाठीवर भारा नाही हे पाहून सगळ्यांनाच थोडी निराशा झाली असावी. पुढे बार्ला, मागे डबा छातीशी धरलेली नेसा.

“डब्यात काय?” दुरीनं विचारलं.

“पाहुण्या,” बार्ला म्हणाली.

नेसानं झाकण उघडलं. दुरीनं वाकून पाहिलं, नाक आत खुपसलं, एकेक कप्पा निरखला. “गवत नाही?”

“तूच बघ. पंच आहेस.”

त्यानं नेसाची शाल पाहिली, बार्लाच्या बुटांचे काटे पाहिले, मग एकदम ओरडला, “थांबा!” आणि बार्लाच्या अंबाड्यातून दोन बोटांनी एक वाळकी काडी ओढून वर धरली. सगळ्या पुलावर हशा पिकला. “ही कुठे निघाली होती, आत्या? चोरून?”

“ती माझी नाही, तुझ्या डोक्यावर लावायला आणली होती.”

दुरीनं ती काडी मोठ्या गांभीर्यानं सोबत आणलेल्या आपल्या शेळीला खाऊ घातली आणि पुलावरून बाजूला झाला. “जा. आणि सांभाळून उतरा.”

पूल ओलांडल्यावर नेसा थांबली. इथवरच यायचं, असं ठरलं होतं. तिनं डबा पुढे केला. बार्लानं तो घेतला, काखेत धरला, आणि दोन पावलं जाऊन ती वळली. पुढच्या वाटेला दोन्ही हात लागतात. कड्याला धरायचं की डबा?

“पाठीवर बांधते,” ती म्हणाली.

“हिंदकळेल,” नेसा म्हणाली. तिची नजर डब्यावरच होती. मग ती पुढे आली, डबा काढून घेतला आणि म्हणाली, “चला लवकर. ऊन चढतंय. उबेनं उघडतील या.”

बार्ला पुढे होऊन पाय कुठे टाकायचा तेवढं सांगत गेली. “इथे दगड हलतो. इथे खाली बघू नकोस. इथे बघ हवं तर, छान दिसतं.” नेसा कुठे थांबली नाही. घळीच्या कडेनं वाट जाते तिथे तिचा श्वास मोठा झाला, बार्लानं मागे न बघता हात लांब केला, आणि नेसानं तो धरला.

पाळण्यात कापलेल्या गवताचे खुंट पिवळे पडले होते. मागच्या दगडांवरचं बर्फ पावसानं धुऊन गेलं होतं. बार्ला कोश दगडांच्या फटीत ठेवू लागली, पण ते घरंगळत होते. निखारी बाहेर पडते तेव्हा तिला पकडायला काहीतरी स्थिर लागतं. ओले पंख लोंबत ठेवून ते वाळवायचे असतात. कोशच गडगडला तर ती उताणी पडणार, पंख चुरगळलेलेच वाळणार.

“सरका,” नेसा म्हणाली.

तिनं पोलक्याच्या गळ्याशी टोचलेली सुई काढली. त्यात दोरा होताच. शिंपिणीची सुई रिकामी नसते. काळ्या बोरांच्या झुडपाची एक ताठ फांदी तिनं निवडली, कोशाच्या कडेचे मोकळे धागे तेवढे सुईत घेतले आणि एक टाका घातला. मग दुसऱ्या फांदीला दुसरा कोश. गुडघ्यांवर बसून नेसा पाळणाभर फिरत होती आणि जे उसवलं होतं ते एकेका टाक्यानं डोंगराला परत शिवत होती. बार्ला डबा धरून तिच्या मागे मागे. कधी नव्हे ते कड्यावर बार्ला हाताखालची झाली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघायला तिथे कुणी नव्हतं म्हणून आपण नमूद करायचा.

सगळ्या जगल्या असं नाही. काही कोश आत काळे पडलेले होते. पण ऊन दगडांवर आलं आणि एका कोशाचं टोक फुटलं. आधी मिशा, टोकाशी जाड. मग ती स्वतः, ओली, आक्रसलेली, कुणीतरी मुठीत चुरगाळून टाकल्यासारखी. फांदीवर चढली, थांबली, आणि पंख सावकाश उलगडू लागले. आधी राख, मग राखेत एक लाल ठिपका, मग दुसरा.

“गळ्याला पट्टी आहे,” नेसा कुजबुजली.

“मादी. आता ही कुठे जायची नाही. बघ, येतील.”

आणि वरच्या दगडांकडून खरंच एक आला; धुरकट, घाईत, हेलकावे खात. कड्यावर कुठेतरी आणखी होते तर! तो झुडपावर दोनदा आदळला, तिसऱ्यांदा फांदी सापडली.

बार्लानं आकाशाकडे पाहिलं. पश्चिमेला पुन्हा पांढरे गोळे जमत होते. तिनं रिकामा डबा बंद केला, बुटांचे काटे आवळले.

“चल, नेसा. उतरायला वेळ लागेल तुला. तुझ्या घरावर ऊन आहे तोवर पोचू.”

नेसानं खाली पाहिलं. गाव, नदी, घळीच्या तोंडाशी तिचं घर, काडेपेटीएवढं. घळीत पालवी धरलेली कोवळी झुडपं हिरवीगार होती. मग तिनं मान फिरवली आणि पुन्हा फांदीशी वाकली.

“थांबा हो वन्सं जरा,” ती म्हणाली. “शेजारची निघतेय.”